पोटाखालून हात जायला हवा

सकाळी ६.१५

आजच्या यादीत तीन खडे आहेत. पहिला डाव्या किडनीतला, सव्वातीन सेंटिमीटरचा. दुसरा उजव्या किडनीच्या वरच्या कप्प्यात बसलेला, फांद्या फुटलेला. तिसरा मूत्रवाहिनीत अडकलेला, तुरीच्या दाण्याएवढा. आमचे यूरोलॉजिस्ट सर यादी अशी वाचतात. मी भूल देते, म्हणून मला तीच यादी वेगळी दिसते. पहिल्या ताई: वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११२ किलो, बीएमआय ४४.९. दुसरे दादा: वय ५१, उंची १७८, वजन ११८, बीएमआय ३७.२. आपल्याकडे भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, त्यामुळे दोघंही त्या रेषेच्या बरेच पलीकडे. तिसरा मुलगा सडपातळ आहे आणि त्याच्यासाठी वेगळं काही ठरवायचं नाही.

सोलापुरात खड्यांना तोटा नाही. उन्हाळा लांबलचक, यंत्रमागाच्या शेडमध्ये उकाडा, घाम भरपूर आणि पाणी पिणं कमी. त्यात वजन वाढलं, शरीर इन्शुलिनला जुमानेनासं झालं की लघवी आम्लधर्मी होते आणि युरिक अ‍ॅसिडचे खडे धरायला लागतात. म्हणजे ज्यांना खडे जास्त होतात त्यांतल्या अनेकांचं शरीर आमच्या टेबलासाठी अवघडही असतं. शरीराबाहेरून लहरी सोडून खडा फोडण्याचा उपाय त्यांना सहसा लागू पडत नाही. कातडीपासून खड्यापर्यंतचं अंतर दहा सेंटिमीटरच्या वर गेलं की त्या लहरींचा जोर वाटेतच जिरतो. ताईंचं सीटी स्कॅनवरचं अंतर साडेतेरा सेंटिमीटर आहे. खडा दोन सेंटिमीटरहून मोठा. तेव्हा पीसीएनएल, म्हणजे कंबरेच्या बाजूनं किडनीत छोटं भोक पाडून दुर्बिणीनं खडा फोडून काढायचा, हाच सरळ मार्ग.

प्रश्न एवढाच की त्या भोकासाठी माणसाला झोपवायचं कसं.

सकाळी ७.१०

वॉर्डात ताई कॉटवर बसूनच होत्या. दोन उश्या पाठीशी, पाय खाली सोडलेले. त्या घरीही अशाच झोपतात. मोठ्यानं घोरतात, दिवसा खाणावळीच्या गल्ल्यावर डुलक्या येतात, झोपेत श्वास थांबतो असं त्यांच्या मुलीनं सांगितलं, ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे आणि मानेचा घेर ४३ सेंटिमीटर. टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेली ‘स्टॉप-बँग’ नावाची आठ प्रश्नांची यादी आहे. तिच्यात ताईंची बहुतेक उत्तरं ‘हो’ आली.

काल संध्याकाळी आम्ही त्यांना एक गोष्ट करून बघायला लावली होती. बोटाला सॅच्युरेशनचा चिमटा लावला आणि म्हटलं, ताई, घरी कधी पालथं झोपता का? आता झोपून दाखवा. छातीखाली एक उशी, कंबरेखाली एक, पोट मधल्या जागेत. बसलेल्या असताना आकडा ९६ होता, उताण्या झाल्यावर ९४. पालथ्या झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला ९०.

“मॅडम, जीव घाबरा व्हायलाय. उठू का?”

“उठा, ताई. लगेच उठा. आम्हाला तेवढंच बघायचं होतं.”

आज त्यांना पालथं घ्यायचं नाही हे तिथेच ठरलं. या चाचणीला खर्च नाही, यंत्र नाही, पाच मिनिटं लागतात. तरी ती फार ठिकाणी होत नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. भूल दिलेला माणूस ‘इथे रुततंय’, ‘खांदा ओढतोय’, ‘दम कोंडतोय’ यांतलं काहीच सांगू शकत नाही. जागा असताना सांगू शकतो, तेव्हाच विचारावं. अमेरिकेतल्या काही यूरोलॉजिस्टांनी तर हा विचार पार टोकाला नेला. घसा बधिर करून, जाग असतानाच श्वासनलिकेत ट्यूब घालायची, रुग्णालाच टेबलावर पालथं होऊ द्यायचं, त्याला हवे तसे हातपाय ठेवू द्यायचे आणि तो ‘ठीक आहे’ अशी खूण करेल तेव्हाच पूर्ण भूल द्यायची. अतिस्थूल रुग्णांवर त्यांनी हे करून दाखवलं. आमच्याकडे आम्ही तसं करत नाही. पण त्यामागचं तत्त्व कॉटवर, आदल्या दिवशी, सहज पाळता येतं.

पलीकडच्या पुरुष वॉर्डात दादांची चाचणी उलट निघाली. ते तरुणपणी तालमीत जायचे. खांदे, पाठ, मांड्या अजून तशाच भरलेल्या, पोट आहे पण त्या मानानं कमी. “मी लहानपणापास्नं पालथाच झोपतोय, मॅडम,” म्हणाले आणि दहा मिनिटं खुशाल पडून राहिले. सॅच्युरेशन ९७ वरून हललं नाही. फक्त उजवा हात डोक्याच्या बाजूला नेताना खांद्यात कळ आली. जुनी दुखापत. ती मी केसपेपरवर लाल शाईनं लिहिली.

बीएमआयचा आकडा माणूस किती जड आहे ते सांगतो. वजन कुठे आहे ते सांगत नाही. आमचं सगळं काम या ‘कुठे’वर ठरतं.

निघताना ताईंनी हळूच विचारलं, “टेबल मोडणार नाही ना?” काल दुपारी आरोग्यमित्राकडे योजनेचे कागद देताना रांगेत कुणीतरी काहीतरी बोललं होतं, ते त्यांच्या मनात राहिलं असावं. मी सांगितलं की टेबलाची क्षमता मी स्वतः वाचली आहे आणि ती त्यांच्या वजनापेक्षा खूप जास्त आहे. त्यांना मापाचा मोठा गाऊनही आणायला सांगितला. मागून उघडा राहणारा गाऊन घालून कुणालाही ओटीपर्यंत नेऊ नये.

सकाळी ८.००

ओटीत मी आणि टेक्निशियन आधी टेबलाशी जातो. त्याच्या बुडाशी पत्र्याची पाटी असते, तिच्यावर वजनाची मर्यादा. ती मर्यादा टेबल सरळ, मधोमध असताना असते. सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र, आत शिरावा म्हणून टेबलाचा वरचा भाग सरकवला किंवा रुग्णाला उलट्या टोकाला डोकं करून झोपवलं की ती कमी होते. जुन्या टेबलांवर हे बघायलाच हवं. मग रुंदी. साधं टेबल अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद. ताईंचे दोन्ही हात अंगाशी ठेवले तर ते टेबलाबाहेर लोंबकळणार, म्हणून दोन्ही बाजूंना जोडपट्ट्या.

ओटीतले मामा पॅड मांडत होते. जेल पॅड महाग असतात. आमच्याकडे आहेत ते पुरत नाहीत, मग स्पंजचे तुकडे, कापसाचे रोल, घट्ट गुंडाळलेल्या चादरी. सलाइनची तीन लिटरची पिशवी तर फारच उपयोगी, ती पाठीखाली ठेवता येते आणि शरीराच्या वळणाप्रमाणे बसते. स्पेनमधल्या झारागोझाच्या वाल्दिव्हिया उरिया यांनी १९८७ साली उताणं झोपवून पीसीएनएल करण्याची पद्धत मांडली, तेव्हा त्यांनीही कुशीखाली अशीच पिशवी घेतली होती.

पालथं झोपवण्याची रीत त्याआधीची. १९५५ साली अमेरिकेत गुडविन यांनी फुगलेल्या किडनीत पाठीतून सुई घालून लघवीला वाट करून दिली. १९७६ साली स्टॉकहोममध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी तशाच वाटेनं खडा काढला. किडनी पाठीच्या बाजूला असते, तेव्हा माणूस पालथा करणं ओघानंच आलं आणि मग शिकवण्यातही तेच राहिलं. २०११ साली जगभरातल्या ९६ केंद्रांतल्या ५८०३ पीसीएनएलची नोंद प्रसिद्ध झाली. त्यात पाचातल्या चौघांना पालथंच झोपवलेलं होतं. युरोपियन असोसिएशन ऑफ यूरोलॉजीच्या मार्गदर्शक सूचना आता दोन्ही पद्धती सारख्याच सुरक्षित मानतात. आमचे सर नडियादला शिकले, पालथ्या पद्धतीत त्यांचा हात बसलेला. उताणी पद्धत ते नंतर, मुद्दाम वेळ काढून शिकले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो या कारणानं. सर्जनला एकच पद्धत येत असेल तर रुग्णाचं शरीर त्या पद्धतीत बसवलं जातं.

सकाळी ८.४०

ताईंना चालतच आत आणलं. त्या स्वतः टेबलावर चढल्या, स्वतः मधोमध सरकल्या. जड रुग्णाला जमत असेल तर त्यालाच सरकू द्यावं. त्याचंही अंग वाचतं आणि आमच्या लोकांच्या कंबराही.

भुलेआधीची बैठक हीसुद्धा पोझिशनच. पाठीखाली, खांद्याखाली, डोक्याखाली चादरींचा उतार रचला. बाजूनं पाहिलं की कानाचं भोक आणि छातीच्या हाडाच्या वरची खोबण एका आडव्या रेषेत यायला हवी. तशी आली की घसा डोळ्यांसमोर नीट उघडतो. टेबलाचा डोक्याकडचा भाग पंचवीस अंश वर. मास्कमधून निव्वळ ऑक्सिजन, शांतपणे, घाई न करता. कारण नंतर वेळ फार थोडा मिळतो. सडपातळ निरोगी माणसाचा श्वास थांबला तर साठवलेल्या ऑक्सिजनवर तो आठेक मिनिटं तग धरतो. अतिस्थूल माणसाची मुदत तीन मिनिटांहून कमी. पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं आणि फुफ्फुसात शिल्लक राहणारी हवाच कमी असते.

बीपीचा पट्टा दंडाला नीट बसेना. अरुंद पट्टा बीपी खोटं जास्त दाखवतो. मांडीचा रुंद पट्टाही दंडाच्या निमुळत्या आकारावरून घसरतो. मग योग्य मापाचा पट्टा मनगटाच्या वरच्या भागावर. हे सगळं बोलताना ओटीत कुणी वजनावरून शेरा मारलेला मला चालत नाही. ताई अजून जाग्या होत्या. त्या झोपल्या असत्या तरी मला चाललं नसतं.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपनं ट्यूब एका प्रयत्नात गेली. सॅच्युरेशन ९५ च्या खाली आलं नाही.

सकाळी ९.०५

आता सरांची आणि माझी खरी एकत्र कामाची वेळ. आज घ्यायची ती पोझिशन ‘गालदाकाओ’. बास्क प्रांतात बिल्बाओजवळ त्या नावाचं गाव आहे. तिथल्या यूरोलॉजिस्टांनी २००७ साली वाल्दिव्हियांच्या पद्धतीत पायांची रचना बदलली. माणूस उताणाच, पण ज्या बाजूची किडनी त्या बाजूची कूस वीसेक अंश उचललेली. त्या बाजूचा पाय सरळ लांब. दुसरा पाय गुडघ्यात वाकवून, बाहेर घेऊन आधारावर. त्यामुळे सर्जनला वरून कुशीतूनही जाता येतं आणि खालून मूत्रमार्गातूनही, दोन्ही एकाच वेळी. इटलीत स्कोफोने यांच्या गटानं दोन्ही वाटांनी मिळून खडा काढण्याची पद्धत याच पोझिशनवर रुजवली.

कूस उचलण्याआधी सरांनी पेननं रेषा काढल्या. बारावी बरगडी, कमरेच्या हाडाची कड, काखेच्या मागच्या घडीतून सरळ खाली येणारी रेषा. जड शरीरात या खुणा आधी करणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कूस उचलली की कातडी आणि चरबी पलीकडे ओघळते आणि नंतर काढलेली रेषा आतल्या हाडांशी जुळत नाही.

मग तीन लिटरची पिशवी कुशीखाली. ताईंना डाव्या कडेला इतकं आणलं की कूस टेबलाच्या काठाबरोबर आली, नाहीतर दुर्बिणीचा दांडा टेबलाला अडतो. ओघळलेलं पोट उजवीकडे घेऊन रुंद चिकटपट्टीनं हलकेच धरून ठेवलं. ओढून नव्हे, कातडी सोलली जाते. डावा हात छातीवरून पलीकडे, कोपराखाली मऊ घडी. उजवा हात फळीवर, नव्वद अंशांच्या आत. त्यापुढे नेला की मानेतून हाताकडे येणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं ताणलं जातं. उजव्या पायाच्या आधाराजवळ मी स्वतः वाकून पाहिलं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, बारीक हाडाच्या मानेवरून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. तो तासभर आधाराच्या कडेवर दाबला गेला तर पाऊल लुळं पडू शकतं. तिथे स्पंज. दोन्ही टाचा हवेत राहतील अशा पोटऱ्यांखाली घड्या. माकडहाडाशी जेल पॅड. जड शरीरात नितंबाचे स्नायू स्वतःच्याच वजनाखाली चिरडले जाऊ शकतात. त्या स्नायूंतलं द्रव्य रक्तात उतरलं तर ज्या किडनीसाठी एवढा खटाटोप, तिलाच ते बाधतं. पायांना हवेनं फुगणारे मोजे, गुठळ्या होऊ नयेत म्हणून.

या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. सर एकदाही घड्याळाकडे पाहून काही बोलले नाहीत.

सकाळी ९.५०

ऑपरेशन. मूत्रमार्गातून कॅथेटर वर, त्यातून रंगद्रव्य, सी-आर्मखाली किडनीची आकृती. जाड शरीरातून चित्र धुरकट येतं आणि यंत्र आपोआप किरण वाढवतं, म्हणून सर पायाखालचं बटण क्षणभरच दाबतात. सुई शिरताना मी दोन क्षण व्हेंटिलेटर श्वास सोडलेल्या अवस्थेत थांबवला. किडनी श्वासाबरोबर वरखाली सरकते, आणि उताण्या माणसात ती सुईपुढे जास्तच मागे हटते. या पद्धतीची ही खरी अडचण. वाट लांब पडते हीसुद्धा. नेहमीची नळी साडेतेरा सेंटिमीटरला पुरेशी नव्हती. लांब नळी काल मागवून ठेवली होती. तिच्या बाहेरच्या टोकाला सरांनी एक टाका घेऊन ती कातडीला बांधली, कारण चरबीत नळी बुडून दिसेनाशी होऊ शकते.

फायदेही आहेत. नळी किंचित खाली उतरती राहते, त्यामुळे धुण्याचं सलाइन आणि खड्याचा चुरा आपसूक बाहेर वाहतो, किडनीत दाब चढत नाही. संसर्ग असलेल्या खड्यात हा दाब रक्तात जंतू लोटतो. आणि माझ्यासाठी सर्वांत मोठा फायदा म्हणजे ताईंचा चेहरा, ट्यूब, दोन्ही डोळे सगळा वेळ माझ्यासमोर होते. ट्यूबला काही झालं असतं तर मी एका पावलावर होते.

११.२० ला शेवटचा तुकडा बाहेर. सी-आर्मवर किडनी मोकळी.

सकाळी ११.४०

ताईंना पूर्ण जागं झाल्यावरच, टेबलाचा डोक्याकडचा भाग वर करून, ट्यूब काढली. झोपेत श्वास थांबणाऱ्या माणसाची ट्यूब अर्धवट गुंगीत कधीच काढू नये. “ताई, दोन्ही पावलं हलवा. बोटं आवळा. माझी बोटं किती दिसतात?” तीन म्हणाल्या, तीनच होती.

दुपारी १२.२०

आता दादा. ट्यूब गेली, टेबलावर पाय वर घेऊन उजव्या मूत्रवाहिनीत कॅथेटर बसवलं. इथून पुढचा भाग दिवसातला सगळ्यात अवघड.

वरच्या कप्प्यातल्या फांद्या फुटलेल्या खड्याला वरूनच, बाराव्या बरगडीच्या आसपासूनच जावं लागतं. उताण्या माणसात ती वाट फार तिरकी पडते. पालथ्यात सरळ मिळते. दादांचं शरीर पालथं होऊ देतं हे काल बघितलं होतं. तेव्हा त्यांच्यासाठी पालथंच योग्य. लठ्ठ माणूस म्हणजे उताणा, असा सरसकट नियम करणारे आता भेटतात. मला तो तितकाच चुकीचा वाटतो. १९९६ साली पेलोसी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी दाखवलं की भुलेखाली लठ्ठ माणूस पालथा केला तर त्याच्या फुफ्फुसांत हवा जास्त राहते आणि ऑक्सिजन सुधारतो. अट एकच, पोट मोकळं लोंबलं पाहिजे. पोट टेबलावर दाबलं गेलं की पडदा वर चढतो, पोटातली मोठी शीर दबते, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि बीपी कोसळतं.

ट्रॉली टेबलाला लावली, चाकं बंद. पॅट-स्लाइडच्या सरकफळीवरून दादा ट्रॉलीवर. टेबलावर दोन जाड रोल आडवे मांडलेले, एक छातीसाठी, एक कमरेच्या हाडांसाठी. ट्यूबची पट्टी दुप्पट, कारण पालथ्या माणसाची लाळ पट्टी सोडवते. डोळ्यांत मलम, पापण्या बंद, वर पट्टी. ईसीजीचे चिकट तुकडे छातीवरून काढून पाठीवर, नाहीतर रोलखाली कातडीत रुततात. लघवीच्या नळीला हात लावून पाहिलं, कुठे अडकलेली नाही.

सहा जण. डोक्याशी मी, आणि मोजणार मीच. खांद्याला सर आणि टेक्निशियन, कंबरेला दोन्ही मामा, पायांशी सिस्टर. टेबलाच्या बाजूच्यांनी हात पसरून दादांना झेलायचं. मी व्हेंटिलेटरची नळी सोडली. “तयार? एक, दोन, तीन.” दादा एका दमात वळले, मान आणि पाठ एका रेषेत. नळी परत जोडली. छातीच्या दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप. हवा दोन्हीकडे जातेय.

पण व्हेंटिलेटरचा दाब २४ वरून ३२ वर गेला होता. मी तळहात सपाट करून पोट आणि टेबल यांच्या मधून आत घातला. बेंबीपर्यंत गेला आणि अडला. कमरेखालचा रोल वर सरकून पोटात घुसला होता. चौघांनी कंबर उचलली, रोल दोन इंच खाली, कमरेच्या हाडांच्या बरोबर खाली घेतला. पुन्हा हात. या वेळी एका बाजूनं घातलेला हात दुसऱ्या बाजूला सिस्टरच्या हाताला लागला. दाब २५. त्यानंतरच मी सरांना ‘हो’ म्हटलं.

चेहरा मऊ स्पंजच्या साच्यात, ट्यूबला खाच, खाली आरसा, त्यात मला दोन्ही डोळे मोकळे दिसतात. डोळ्यावर दाब राहिला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून दर पंधरा मिनिटांनी त्या आरशात पाहायचं आणि वहीत खूण करायची. मान सरळ, वळवलेली नाही. उजव्या खांद्याची ती लाल शाई होतीच, तेव्हा उजवा हात वर न नेता अंगाशी ठेवला, डावा कोपरात वाकवून डोक्याच्या बाजूला. स्तनाग्रं रोलच्या कडेवर नाहीत, पुरुषांतही हे बघायचं. जननेंद्रिय दोन मांड्यांमध्ये मोकळं. गुडघ्यांखाली जेल, नडग्यांखाली उशी, पायाची बोटं टेबलाला न टेकणारी.

ट्रॉली मी ओटीबाहेर जाऊ दिली नाही. रुग्ण पालथा आहे तोवर ती दाराशी, रिकामी, तयार. हृदय थांबलं किंवा ट्यूब निघाली तर क्षणात उताणं करायला दुसरं काही नसतं. कुणीतरी जागा हवी म्हणून ती बाहेर ढकलायला लागलं की मी उठून परत आणते.

सव्वादोनपर्यंत खडा निघाला. बरगडीवरून वाट गेली होती, म्हणून उजव्या छातीत पाणी किंवा हवा नाही हे सी-आर्मखाली पाहिलं. सलाइन कोमट वापरूनही अंग ३५.६ वर आलेलं. गरम हवेचं पांघरूण. पुन्हा सहा जण, पुन्हा माझी मोजणी, दादा उताणे.

दुपारी ३.१०

डबा. मुलाचा मूत्रवाहिनीतला खडा पंचवीस मिनिटांत झाला.

संध्याकाळी ४.१५

रिकव्हरीत ताई डोक्याकडून वर केलेल्या कॉटवर, नाकावर श्वासाची वाट उघडी ठेवणारा सीपॅपचा मास्क, सॅच्युरेशन ९५. सिस्टरनं आणि मी त्यांना कुशीवर घेऊन माकडहाड, नितंब, टाचा तपासल्या. कुठे लाली नाही. लघवी गुलाबीसर आहे, ऑपरेशननंतर असतेच, पण चहासारखी गडद झाली तर कळवा असं लिहून ठेवलं. दादांनी दोन्ही हात वर करून दाखवले. उजवा खांदा रोजच्याइतकाच दुखतो, जास्त नाही. कपाळावर साच्याची पुसट खूण आहे. ती दोन तासांत जायला हवी, नाहीतर मला फोन.

संध्याकाळी ५.३०

उद्याच्या पहिल्या रुग्ण, ६३ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, वजन १०४. दोन्ही गुडघे बदललेले. त्यांना काय करायचं ते समजावलं तर त्याच म्हणाल्या, “म्हणजे उद्याची रंगीत तालीम. करू या.” उताणं ठीक, सॅच्युरेशन ९५. कूस उचलून ठीक. मग दुसरा पाय आधारावर घेतो तसा वाकवून बाहेर घ्यायला सांगितला. गुडघा नव्वदपर्यंत वाकला, पण खुबा बाहेर जाईना, मांडीत कळ आली. पालथं करून पाहिलं. छाती आणि कंबरेखाली उश्या, गुडघ्यांखाली जाड घडी. सात मिनिटं, ९४, आणि “बरं वाटतंय, कंबरही मोकळी झाली.”

सरांना फोन केला. त्यांनी सीटी पुन्हा उघडलं, खडा खालच्या कप्प्यात, दोन्हीकडून जमण्यासारखा. पालथं ठरलं. केसपेपरवर लिहिलं: पालथं, गुडघ्यांखाली दुहेरी जेल, वळवताना गुडघे न पिळता, सहा माणसं, ट्रॉली आत. मामांना सांगितलं की लहान रोल नको, जाड जोडी काढून ठेवा. आज दादांच्या कंबरेखाली सरकला तो रोल एका टोकाला दबून पातळ झालाय. तो बदलायचा अर्ज ओटी इन्चार्ज सिस्टरकडे दिला.